ठाकुरदेवाच्या कोपऱ्यातला पाला

सिस्टर,

सतरा मार्च, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. शेवटची घंटा होऊन गेली होती, फाटकाशी रिक्षावाले मुलींची नावं घेऊन ओरडत होते, आणि तुम्ही माझ्या हातात खराटा दिलात. तक्रार तारखेनं आणि वेळेनं सुरू करावी हे तुम्हीच शिकवलेलं. इंग्रजीच्या तासाला फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायच्या आणि म्हणायच्या, "आधी कधी, मग काय, आणि शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते. एवढं नसेल तर ती तक्रार नव्हे, रडणं." रडणं मला कधी जमलं नाही. तक्रारी मात्र मी आयुष्यभर केल्या. पोस्टाकडे केल्या, वीज खात्याकडे केल्या, शंकर नगरात आमच्या घरामागे पहाटेपर्यंत भोंगे वाजवणाऱ्या लग्नाच्या हॉलवाल्याकडे तर इतक्या केल्या की तो मला दिवाळीला मिठाई पाठवायला लागला. मी ती परत पाठवते. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की तुम्ही बाकावर उभं करायच्या. आता करा.

एकतर्फी होऊ नये म्हणून तुमची बाजूही लिहिते. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात डबा खात बसले होते आणि झाडणारी बाई माझ्या पायाशी आली. मी पाय वर घेतले नाहीत, उलट म्हणाले, "आँख नहीं है क्या? उधर पत्ता रह गया." तुम्ही मागे उभ्या होत्या. शाळा सुटल्यावर मला थांबवलंत, मागच्या सागाच्या रांगेकडे नेलंत आणि म्हणालात, "तुला पानं चांगली दिसतात. ऑल ऑफ इट. नॉट वन लीफ." मार्च म्हणजे सागाची सगळी पानं खाली. ताटाएवढं एकेक पान, वाळून पापडासारखं कडक, खराट्याला दाद न देणारं. तुम्ही पायरीवर बसून वह्या तपासत होता. मी झाडत होते. हाताला फोड आले, गणवेशाचा पांढरा ब्लाउज मातीनं भरला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जाणाऱ्या मुली बघत गेल्या. शेवटी तुम्ही आलात, जमीन पाहिलीत आणि म्हणालात, "गुड. पुट इट देअर अँड गो." भिंतीशी ढीग करायला लावून मला घरी पाठवलंत. त्या पाल्याचं पुढे काय होतं ते सांगितलं नाहीत. माझी तक्रार ती आहे. अर्धा धडा देऊन मला घरी पाठवलंत.

रायपुरात पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी त्या संध्याकाळी जे झालं ते तुम्हाला माहीत नसेल. आईनं दारातच माझे हात पाहिले. "काहून गं, काय झालं? पडली का कुठं?" मी सांगितलं. आई खाली बसली. "झाडू माराले लावला? माह्या पोरीले?" वडील रेल्वेच्या ऑफिसातून आले, त्यांना तिनं चहासुद्धा दिला नाही, आधी माझे हात दाखवले. वडील नागपूरकडचे, आवाज कधी न चढवणारे, कारकुनी जन्मभर. ते म्हणाले, "आपण पोट्टीले तिथं शिकाले धाडून राहिलो का झाडू माराले?" मग त्यांना लिहायचं कसं ते सुचेना, कारण प्राचार्यांना पत्र इंग्रजीत लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं. तारीख, वेळ, काय झालं, उत्तर कधीपर्यंत. तुम्ही शिकवल्याप्रमाणे, एक स्वल्पविराम चुकला नाही. त्यात एक वाक्य होतं, ते अजून पाठ आहे. मराठीत सांगायचं तर असं: हे काम माझ्या मुलीकडून निव्वळ अपमान करण्यासाठी करून घेण्यात आलं, त्यामागे दुसरा कोणताही हेतू नव्हता. वडिलांनी खाली सही केली, आणि इतकं सुंदर इंग्रजी पाहून त्यांचा राग थोडा उतरलासुद्धा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तुम्ही नव्हता. सरगुज्याकडच्या कुठल्याशा मिशनच्या शाळेत तुम्हाला पाठवलं असं मुली म्हणाल्या. आई म्हणाली, "बरं झालं." मीही म्हणाले असेन.

आता मूळ मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही समासात लाल पेन्सिलीनं रेघ ओढाल.

नवं राज्य झालं तेव्हा रायपूर एका रात्रीत राजधानी झालं, आणि राजधानीला लागतं ते काहीच इथे नव्हतं. हॉस्पिटलच्या खोल्यांत मंत्रालय, गोदामात संचालनालय, खुर्च्या पुष्कळ आणि त्यांत बसायला माणसं कमी. मी तोवर सरकारी नोकरीत, आस्थापना शाखेत होते. लोकांच्या रजा, बढत्या, पेन्शनी. एक दिवस साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "मैडम, प्लांटेशन का चार्ज आप रख लीजिए, जब तक कोई आता नहीं." कोणी आलंच नाही. शहराच्या उत्तरेला, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या अलीकडे, राजधानीसाठी हिरवा पट्टा म्हणून सागाचं एक मोठं रोपवन लावलं होतं, ते माझ्याकडे आलं. मला झाडांतलं काय कळत होतं? पण पहिल्या दिवशी तिथे उभी राहिले, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, सरळ रांगेतली रोपं पाहिली, आणि मला वाटलं, ही तर सकाळची प्रार्थना आहे. पहिल्यांदाच आयुष्यात मला नोकरी आवडली.

पहिली चार-पाच वर्षं ते रोपवन बघत राहावं असं होतं. दर वर्षी आणखी उंच गेलेलं. कोणी पाहुणा बाहेरून आला की साहेब त्याला तिथे घेऊन यायचे, आणि मी रांगांच्या मधून चालत जायचे. पाहुण्यांच्या बुटाखाली पानं कुरकुरू नयेत, म्हणून मी पाला काढायला लावला. हे कागदावर कुठेच नाही. पाला गोळा करा असा हुकूम माझ्या सहीनं कधी निघाला नाही, तोंडी सांगितलं आणि दर मार्चमध्ये झालं. आग लागू नये असं मी कारण द्यायचे. खरं कारण सांगायचं तर स्वच्छ जमीन बघितली की मला शांत वाटतं. जवळच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया यायच्या, खराट्यानं रांगा लख्ख करायच्या, थोडा पाला चुलीला घरी न्यायच्या, आणि बाकीचा ट्रॉलीत भरून वीटभट्टीवर जायचा. मी तुमच्यासारखी पायरीवर नाही, जीपमध्ये बसायचे. आणि म्हणायचे, एक पत्ता नहीं.

एका कोपऱ्यात मात्र माझं चाललं नाही. तिथे ठाकुरदेव होता. गावाचा देव म्हणजे झाडाखाली शेंदूर लावलेले दोन-तीन दगड आणि मातीचे घोडे. आखणी करताना कोणीतरी समजूतदार माणसानं तो जागेवर ठेवला आणि भोवती साग लावला. त्या भागातला पाला बाया काढेनात. मी म्हणायचे, "उधर भी साफ करना." त्या म्हणायच्या, "हव मैडम." पुढच्या आठवड्यात गेलं तर पाला तसाच, घोट्यापर्यंत. मी पुन्हा म्हणायचे. पुन्हा हव मैडम. एकदा मी जीपमधून उतरून खराटा स्वतः उचलला, तेव्हा त्यांच्यातली थोरली माझ्यासमोर उभी राहिली आणि हसत म्हणाली, "मैडम, देवता के घर के पाना नइ उठाय. तोर घर के कोनो उठाही त बने लागही का?" देवाच्या घरातलं पान उचलत नाहीत, तुझ्या घरातलं कोणी उचललं तर तुला चालेल का. बाकीच्या पदर तोंडावर धरून हसल्या. मी खराटा टाकला आणि ऑफिसात येऊन तीन जणांवर ओरडले.

मग झाडं थांबली. एका वर्षात नाही, हळूहळू, वर्गातली हुशार मुलगी नापास व्हायला लागते तशी. आधी खालची पानं पिवळी पडली. मग पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. नवीन पान निघायचं ते हातभर असायचं त्याचं वीतभर झालं. शेंडे वाळायला लागले. मला कारण लगेच कळलं, कारण ते रोज माझ्या जीपच्या काचेवर बसायचं. सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ. मी तक्रारी केल्या. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. तिकडच्या प्रत्येक धुराड्याला माझं पत्र गेलं असेल, आणि एका सभेत मी एका कारखान्याच्या मॅनेजरला सगळ्यांसमोर विचारलं की तुमच्या घरी लहान मुलं आहेत का, आणि असतील तर ती खोकतात का. बिचारा नवीन होता. टाळ्या मला पडल्या. धुळीबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. धूळ आहेच, आणि ती वाईटच आहे. पण ती ठाकुरदेवाच्या कोपऱ्यावरही पडत होती.

हे मला दिसलं नाही असं नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कोणीतरी युरिया सुचवला. टाकला. पंधरवडाभर झाडं अशी हिरवी झाली की मी सगळ्यांना चहा पाजला, मग एका पावसात सगळं वाहून गेलं आणि झाडं होती त्याहून केविलवाणी दिसायला लागली. तेव्हा मातीच्या प्रयोगशाळेतून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, जीन्सवर कुर्ता, तोंडात च्युइंगम, रायपूरचीच मराठी. मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. "समझती हूँ मैडम, बोलने में अटकती हूँ." तुम्ही पाहिलं असतंत तर आधी च्युइंगम काढायला लावलं असतंत. तिनं रांगांमध्ये दोन-चार ठिकाणी खड्डे घेतले. ही भाट्याची जमीन, लाल, मुरमाड, वर हातभर माती आणि खाली दगड. मग ती ठाकुरदेवाकडे गेली, चपला काढल्या, नमस्कार केला, आणि तिथेही खड्डा घेतला. वर काळी, भुसभुशीत, ओली माती. खालून तोच मुरूम निघाला. तिनं तिथल्या एका सागाला मिठी मारली तर खोडानं तिची कवळ भरली. माझ्या रांगेतल्या झाडाचं खोड तिच्या दोन पंजांच्या पकडीत मावलं. एकाच पावसात लावलेली, एकाच रोपवाटिकेतली रोपं.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मैडम, यहाँ का पाला कुठं जातो?"

एवढं एकच वाक्य ती मराठीत बोलली, तेही अर्धं.

मी म्हणाले, "स्वच्छता ठेवतो आम्ही."

तिनं च्युइंगम चघळणं थांबवलं. माझी तिच्याबद्दल जी काही वाईट मतं होती ती बाजूला ठेवून सांगते, ती मला चांगलं बोलली. म्हणाली, या जमिनीत मुळात फार काही नाहीच, जे होतं ते झाडांनी पहिल्या वर्षांत ओढून घेतलं आणि पानांत ठेवलं. नत्र, पालाश, चुना, थोडंसं स्फुरद. पान पडतं, सडतं, तेच पुन्हा मुळाशी जातं, तेवढ्यावरच भाट्यातलं झाड जगतं. पाला नसला की वरून टाकलेलं खतही धरून ठेवायला मातीत काही उरत नाही. "आप हर साल इनकी थाली उठवा रही थीं, मैडम." हे तिनं हसत म्हटलं. माझं वय आणि माझा चेहरा बघून पुढे बोलली नाही. तिच्या अहवालात फक्त आकडे गेले, कारण विचारलं होतं तेवढंच. पाल्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. त्या मार्चमध्ये मी बायांना बोलावलं नाही. विचारलं कोणी, तर म्हणाले बजेट नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाले. हार, नारळ, आणि साहेबांचं भाषण, की मैडमने प्लांटेशन को घर की तरह रखा.

रोपवन माझ्यानंतर तसंच अर्धमेलं उभं राहिलं. गेल्या आठवड्यात ती मुलगी घरी आली. या वेळी मला आंटी म्हणाली, आणि मी ते चालवून घेतलं, यावरून माझी अवस्था ओळखा. म्हणाली, "आंटी, तुमचं प्लांटेशन असफल घोषित करून राहिले." आता ती बरंच मराठी बोलते, सासर अमरावतीचं मिळालं म्हणे. जमीनच सागाला नालायक आहे असं ठरवून सगळं कापायचं आणि तिथे गोदामं बांधायची, असा प्रस्ताव आहे. तिनं ठाकुरदेवाचा कोपरा दाखवला तर वरचे म्हणाले, तेवढ्या तुकड्यात माती वेगळी असेल. "मैंने बोला, ऊपर की मिट्टी तो पाले ने बनाई, नीचे वही मुरूम है. तर विचारतात, पाला काढला जायचा याचा पुरावा काय? कागज दिखाओ. कागज तो है ही नहीं ना आंटी."

"नाही," मी म्हणाले.

"बाया सांगतील, पण त्यांचं कोण ऐकून राहिलं. तुम्ही बोलल्या तर ऐकतील. मातीचं अजून सुधारू शकते. पाला राहू द्यायचा, थोडा चुना, थोडं खत. झाडं मेली नाहीत. भुकी आहेत बस."

मी तिला चहा केला. तिनं कपात दोनदा साखर घातली आणि ढवळली नाही. जाताना दारात वळून म्हणाली, "पंधरा तारखेला अकरा वाजता मीटिंग आहे. तुमचं नाव खराब होईल, मला मालूम आहे. सोचून सांगा."

सोचायचं काय होतं. पण मी चार दिवस सोचलं. निवृत्त बाईकडे नावाशिवाय असतं काय, सिस्टर? आमच्या गल्लीत अजून लोक म्हणतात, मैडमना भ्या, मैडमकडे चूक चालत नाही. लग्नाच्या हॉलवाला काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतं. तरी परवा रात्री जेवण झाल्यावर मी निवेदन लिहायला बसले. तारीख, वेळ. दर मार्च, माझ्या तोंडी आदेशावरून. मग काय झालं, ते. हात चालत होता, इतक्या वर्षांची सवय. मग मी लिहिलं, यामागे स्वच्छतेखेरीज दुसरा कोणताही हेतू नव्हता. आणि ते वाक्य मला ओळखू आलं.

म्हणून हे दुसरं पत्र. ते निवेदन पूर्ण झालं आहे, टेबलावर आहे, पंधरा तारखेला मी स्वतः नेऊन देणार आहे. साहेबांच्या हातात देईन आणि तिथेच बसून मोठ्यानं वाचायला लावीन. त्याची काळजी करू नका. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. तुम्ही सरगुज्यातच वारलात, हे मला फार उशिरा कळलं, आणि तुमच्या शाळेमागे तिथे सागाची रांग होती का, हे विचारायलाही कोणी उरलेलं नाही.

वर मी लिहिलं आहे की तुम्ही अर्धाच धडा देऊन मला घरी पाठवलंत. ते खरं नाही. त्या मंगळवारी मी फाटकापर्यंत गेले आणि डबा व्हरांड्यात राहिला म्हणून परत आले. ऊन कलंडलं होतं. तुम्ही एप्रनच्या ओच्यात तो सगळा पाला भरून एकेका सागापाशी नेत होता, खाली गुडघे टेकून बुंध्याशी पसरत होता, आणि वर हातानं पाणी शिंपडत होता. पांढऱ्या कपड्यांवर माती, आणि काहीतरी गुणगुणत होता. मला इतका राग आला की काय सांगू. मला वाटलं, परत तिथेच टाकायचा होता तर मला कशाला काढायला लावला. कारण तुम्ही सांगणार होता, दुसऱ्या दिवशी बहुतेक सांगितलंही असतं, पण दुसऱ्या दिवशी वडील पत्र घेऊन आले. मी डबा उचलला नाही. तशीच वळले. आणि रात्री ते वाक्य लिहिलं.

मी वळण्याच्या आधी तुम्ही एकदा मान वर केली होती, फाटकाच्या दिशेनं. पत्र प्राचार्यांनी तुम्हाला वाचायला दिलंच असेल. माझं इंग्रजी तुम्ही ओळखलंच असेल. त्या संध्याकाळी मी तुम्हाला दिसले होते का, एवढंच मला हवं आहे. दिसले असेन, तर तुम्ही काही न बोलता का गेलात तेही.

याचं लेखी उत्तर येत्या पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजण्यापूर्वी मिळावं. इंग्रजीत चालेल.